रुबेन्स बॅरिकेलो : 'कायमचा दुसरा' की पावसाचा माणूस?

सुसाट

शेजारच्या धाग्यावर 'फुटक्या नशिबाचे ड्रायव्हर' अशी यादी चालू आहे. तिथे तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादातच ब्राझीलच्या फॉर्म्युला वन ड्रायव्हर बॅरिकेलोचं नाव आलं आणि पाठोपाठ 'शूमाखरचा हरकाम्या' (फेरारीत मायकेल शूमाखर त्याचा जोडीदार होता) वगैरे नेहमीचे शेरे. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी थोडक्यात कारकीर्द. जन्म साओ पावलोचा, २३ मे १९७२. वडील आणि आजोबा दोघंही रुबेन्सच, त्यामुळे हा 'रुबिन्यो', म्हणजे धाकटा रुबेन्स. ब्राझीलमध्ये कार्टिंग गाजवून युरोपात आला, १९९१ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद डेव्हिड कुल्टहार्डच्या नाकावर टिच्चून मिळवलं आणि १९९३ मध्ये, एकविसावं पुरं व्हायच्या आत, फॉर्म्युला वनमधल्या जॉर्डन संघाच्या गाडीत बसला. तिथून २०११ पर्यंत सलग १९ हंगाम. जॉर्डन, स्टुअर्ट, फेरारी, होंडा, ब्रॉन, विल्यम्स. ३२२ शर्यती, ११ विजय, १४ पोल (क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, पहिला येऊन शर्यतीची सुरुवात पहिल्या जागेवरून), ६८ वेळा पोडियम (पहिल्या तिघांत). २००२ आणि २००४ ला जगात दुसरा. जगज्जेता कधीच नाही.

आता माझा मुद्दा. त्याचे खरेखुरे मोठे दिवस कोणते ते काढून बघा (वर्षापुढे शर्यतीचं ठिकाण). १९९३ डॉनिंग्टन : बाराव्या जागेवरून सुरुवात, पहिल्या फेरीअखेर चौथा. १९९४ स्पा : ट्रॅक वाळत होता, सत्राच्या शेवटी कोरडे टायर लावून बाहेर पडला आणि पोल घेतला. जॉर्डनची पहिली पोल, आणि तेव्हा त्याच्याइतक्या लहान वयात कोणीच पोल घेतली नव्हती. १९९७ मोनॅको : नव्याकोऱ्या स्टुअर्ट संघाची फक्त पाचवी शर्यत, धो धो पाऊस, हा दुसरा. १९९९ मान्यी-कूर : पाऊस वाढायच्या आत फेरी काढून पोल. २००० हॉकेनहाइम तर आहेच, त्यावर खाली सविस्तर लिहितो. २००८ सिल्व्हरस्टोन : त्या टुकार होंडातून १६ व्या जागेवरून तिसरा. २००९ इंटरलागोस : अडीच तासांहून जास्त लांबलेलं, पाण्यात बुडालेलं क्वालिफाइंग, आणि पोल याची.

सगळीकडे पाणी. त्यातही नुसता पाऊस नाही, तर अर्धा ओला अर्धा कोरडा ट्रॅक, जिथे कुठला टायर लावायचा हे गणितापेक्षा बुडाखालच्या जाणिवेवर ठरतं. कोणाची गाडी किती महाग याला अशा दिवशी जरा कमी किंमत असते. अशा दिवशी बॅरिकेलो दुसऱ्या फळीतला ड्रायव्हर नव्हताच, असं माझं मत. हाणा.

लाल घोडा

हाणतो. यादी छान आहे, पण हंगामात अशा शर्यती किती? दोन, फार तर तीन. बाकीच्या वेळी ऊन असतं. २००२ ला फेरारीने १७ पैकी १५ शर्यती जिंकल्या, २००४ ला १८ पैकी १५. त्यातल्या बॅरिकेलोच्या किती? चार आणि दोन. तीच गाडी, तोच संघ, तेच टायर. मायकेल ११ आणि १३. त्या गाडीत दुसरा येणं ही कामगिरी नाही, ती नोकरी आहे.

आणि 'त्याला जिंकू दिलं नाही' हे रडगाणं कृपया नको. करारावर सही त्याने स्वतः केली होती. शेजारच्या गाडीत कोण बसलंय ते सगळ्या जगाला माहीत होतं.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नवखी

मी अलीकडेच एफ वन बघायला लागले, त्यामुळे हे सगळं माझ्यासाठी इतिहास आहे. ऑस्ट्रियात नक्की काय झालं होतं? सगळे नुसतं 'ऑस्ट्रिया' म्हणतात आणि मान हलवतात.

पिटवाला

@नवखी, १२ मे २००२, ए वन रिंग. हंगामातली सहावी शर्यत. शूमाखरने आधीच्या पाचांपैकी चार जिंकलेल्या, म्हणजे विजेतेपदाची काही घाई नव्हती. त्या वीकेंडला बॅरिकेलो सरळसरळ जास्त वेगवान होता. पोल त्याची, जवळजवळ सबंध शर्यत आघाडी त्याची. आणि मग रेडिओवर हुकूम आला की मायकेलला पुढे जाऊ दे. नंतरच्या मुलाखतींत त्याने सांगितलंय की शेवटच्या काही फेऱ्या तो रेडिओवर नुसता भांडत होता. शेवटचं वळण संपलं, रेषा समोर दिसते आहे, आणि याने पाय उचलला. ०.१८२ सेकंदांनी 'हरला'.

गंमत अशी की त्याने आधीच्या एखाद्या कोपऱ्यात गुपचूप जागा दिली असती तर प्रेक्षकांना कळलंही नसतं. १०० मीटरवर सोडली म्हणून सगळ्या जगाला दिसलं. मला तर ते मुद्दामच केलेलं वाटतं. हुकूम पाळला, पण चव्हाट्यावर पाळला.

प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाखरने ओशाळून त्याला पोडियमच्या वरच्या पायरीवर ढकललं आणि करंडक त्याच्या हातात दिला. आता यातली खरी मजा : एफआयएने (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) १० लाख डॉलर दंड केला (त्यातला अर्धा स्थगित), तो निकाल फिरवल्याबद्दल नाही, पोडियमचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! कारण संघाच्या आदेशाविरुद्ध नियमच नव्हता. तो पुढच्या हंगामापासून आला आणि २०१० नंतर निमूटपणे काढूनही टाकला.

नवखी

धन्यवाद! आणि ती १० गुणांची शर्यत शूमाखरला शेवटी लागली का?

पिटवाला

कसली लागते. त्याने विजेतेपद जुलैतच खिशात घातलं. हंगामाअखेर त्याचे गुण १४४, बॅरिकेलोचे ७७.

विषुववृत्तापार

साओ पावलोत कामानिमित्त काही वर्षं काढली आहेत, म्हणून तिकडची बाजू मांडते. तिथे ही शर्यत लोकांना आकड्यांनी नाही, आवाजाने आठवते. टीव्हीवर क्लेबेर माशादो समालोचन करत होता. गाड्या शेवटच्या सरळ रस्त्यावर आल्या तसा तो जोशात ओरडला, 'ओजे नाऊं! ओजे नाऊं!' आज नाही, आज नाही, म्हणजे आज जागा सोडणार नाही. आणि पुढच्याच श्वासात आवाज पडला, 'ओजे सीं... ओजे सीं?' हे वाक्य तिथली पोरंटोरंही कुठेही वापरतात. पगार होणार होता, झाला नाही? ओजे सीं.

रुबिन्योवर विनोद तर इतके की एखाद्याची कीव यावी. उशिरा येणारा सहकारी म्हणजे रुबिन्यो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी त्याला वर्षानुवर्षं कासव करून विकलं. गंमत म्हणजे हेच लोक तो समोर आला की गळ्यात पडतात. मी ऑफिसात एकदा विचारलं, की बाबांनो, ११ शर्यती जिंकलेल्या माणसाला तुम्ही हसता कसे? तर उत्तर आलं, 'आम्हाला आयर्तोन (सेन्ना) हवा होता, हा आला.' माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

सुसाट

@विषुववृत्तापार, अगदी. मीही तिकडेच येत होतो.

१९७२ ते १९९१ या वीस वर्षांत ब्राझीलने आठ जगज्जेतेपदं मिळवली. फिट्टिपाल्डी दोन, पिके तीन, सेन्ना तीन. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला जिंकण्याची सवय लागली होती. आणि मग आली १९९४ ची इमोला. शुक्रवारी, २९ एप्रिलला, बॅरिकेलोची जॉर्डन व्हेरियान्ते बासा या वळणाला कर्बवरून हवेत उडाली, ताशी सव्वादोनशेच्या आसपास, जाळीवर आदळली आणि उलटीपालटी झाली. जीभ घशात जाऊन श्वास अडकला होता. डॉक्टर वेळेवर पोचले म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याला पहिला चेहरा दिसला तो सेन्नाचा. शनिवारी रात्झेनबर्गर हा ड्रायव्हर अपघातात गेला. रविवारी सेन्ना.

तेव्हा बॅरिकेलोचं बाविसावं पुरं व्हायचं होतं. साओ पावलोत सेन्नाच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. आणि तिथून परतल्यावर सबंध देशाने त्याच्याकडे बघून म्हटलं, आता तू. जॉर्डनमध्ये! जी गाडी शर्यत पूर्ण करेल की नाही याचीच शाश्वती नसायची. १९९५ ला इंटरलागोससाठी त्याने हेल्मेटवर सेन्नाची रंगसंगती घेतली. हौसेने घेतलं ओझं, पण ओझंच.

आणि इंटरलागोस तर बघायलाच नको. १९९५ ते २००३, सलग नऊ वर्षं त्याने घरची शर्यत पूर्णच केली नाही. १९९९ ला स्टुअर्टमधून चक्क आघाडीवर होता, इंजिन गेलं. २००३ ला पोल, पावसानंतरचा ट्रॅक (पुन्हा!), कुल्टहार्डला मागे टाकून पहिला आला आणि थोड्याच वेळात गाडी कडेला थांबली. इंधन संपलं. फेरारीचं इंधन संपतं हो, शर्यतीच्या मध्यात.

चहाबाज

थोडक्यात आपला द्रविड. सगळं व्यवस्थित करायचं आणि टाळ्या दुसऱ्याला.

लाल घोडा

@चहाबाज, कृपया क्रिकेट मध्ये आणू नका, धागा दीडशे प्रतिसादांवर जाईल आणि त्यात एकही गाडी नसेल. शिवाय द्रविडला कोणी शेवटच्या धावेला थांबवलं नव्हतं.

@सुसाट, इमोलाबद्दल काहीच वाद नाही. पण तुम्ही सहानुभूती आणि गुणवत्ता यांची खिचडी करताय. हॉकेनहाइमचं सविस्तर लिहिणार होतात ना?

सुसाट

लिहितो.

३० जुलै २०००. क्वालिफाइंगमध्ये गाडीने दगा दिला, म्हणून १८ वा. शूमाखर पहिल्याच वळणावर फिसिकेलाशी भिडून बाद. म्हणजे फेरारीकडे उरला हा एकटा, पाठीमागून. कमी इंधन भरून, दोन थांब्यांचा बेत करून सोडला होता, त्यामुळे गाडी हलकी, आणि हा एकेकाला उडवत वर आला. तरी मॅक्लारेनच्या दोन गाड्या खूप पुढे होत्या. मग एक माणूस, मर्सिडीजवर खार खाऊन असलेला माजी कर्मचारी, निषेध म्हणून सर्किटवर घुसला. सेफ्टी कार (जिच्यामागे सगळ्यांना हळू, रांगेत चालावं लागतं) आली, अंतरं मिटली.

शेवटच्या टप्प्यात पाऊस आला. इथे जुनं हॉकेनहाइम डोळ्यांसमोर आणा. फेरी पावणेसात किलोमीटरच्या वर. जंगलातून जाणारे लांबच लांब सरळ रस्ते, आणि शेवटी प्रेक्षकांनी भरलेला स्टेडियमचा वळणावळणाचा भाग. पाऊस पडला तो स्टेडियमात. जंगल कोरडं. पिटमधले (टायर-इंधनाच्या थांब्यावरचे) लोक स्टेडियमात, त्यांना पाणीच पाणी दिसतंय. मॅक्लारेनचा हॅकिनेन आत आला आणि पावसाळी टायर लावून गेला. बहुतेक सगळेच आले. बॅरिकेलो म्हणाला, मी थांबतो बाहेर.

म्हणजे प्रत्येक फेरीत काय, तर जंगलात ताशी तीनशेच्या वर पळायचं आणि मग गुळगुळीत टायरवर, ज्यांना खाचा नावालाच होत्या, पाण्याच्या थारोळ्यांतून गाडी जणू टाचेवर उचलून न्यायची. ब्रेक जरा जास्त दाबला की संपलं. जंगलात मिळवलेलं स्टेडियमात गमवायचं, पण मिळवल्यापेक्षा कमी गमवायचं. हे त्याने शेवटपर्यंत केलं आणि जिंकला. १२० हून जास्त शर्यतींनंतरचा पहिला विजय. तेव्हा पहिल्या विजयासाठी एवढी वाट कोणीच पाहिली नव्हती. आणि १९९३ च्या ॲडलेडला सेन्ना जिंकला होता, त्यानंतर ब्राझीलचा हा पहिलाच. पोडियमवर झेंड्यात तोंड खुपसून रडला.

@लाल घोडा, तो निर्णय नोकरदाराचा होता का?

लाल घोडा

नाही. ही शर्यत मान्य. या शर्यतीवर टीका करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पिटवाला

'कोरड्यात काही नाही' हेही तितकंसं बरोबर नाही हं. २००३ सिल्व्हरस्टोन बघा. लख्ख ऊन. पोल याची. तिथेही एक महाशय, यावेळी घागऱ्यातले माजी धर्मगुरू, गाड्यांच्या समोरून पळत सुटले (बॅरिकेलो जिंकायचा असला की कोणीतरी ट्रॅकवर घुसणार, असा नियमच होता की काय). सेफ्टी कारच्या गोंधळात हा मागे पडला, तिथून एकेकाला गाठत आला आणि ब्रिज नावाच्या वेगवान उजव्या वळणाला मॅक्लारेनच्या रायकोनेनला मागे टाकलं. फेरारीतली त्याची सर्वोत्तम कोरडी शर्यत. त्याच वर्षी सुझुकालाही जिंकला, आणि रायकोनेन दुसरा राहिल्यामुळे मायकेलचं सहावं विजेतेपद पक्कं झालं. म्हणजे मदतच केली, पण पुढे राहून.

घाटपांडे नव्हे

बराच वेळ नुसता वाचत होतो. २००९ वर कोणी बोलेल का? मला तरी बॅरिकेलोची सगळ्यात मोठी संधी तीच वाटते. तिथे शूमाखरही नव्हता आणि करारातला दुसरा क्रमांकही नव्हता.

सुसाट

बरोबर, आणि माझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवाही तोच. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये गाशा गुंडाळला, तेव्हा ३६ वर्षांच्या या माणसाची कारकीर्द संपल्यातच जमा होती. रॉस ब्रॉनने संघ घेतला आणि त्याला ठेवलं. गाडी निघाली रॉकेट. पण पहिल्या सातपैकी सहा शर्यती त्याचा जोडीदार बटनने जिंकल्या, आणि त्या त्याने स्वच्छ जिंकल्या.

बॅरिकेलोचं काय झालं? मेलबर्न, तुर्कस्तान आणि स्पा, तीन ठिकाणी सुरुवातीचे दिवे विझल्यावर गाडी जागच्या जागी अडकली. इंजिन बंद पडू नये म्हणून असलेली अँटी-स्टॉल यंत्रणा मध्ये आली आणि मधला घोळका अंगावरून निघून गेला. यात क्लच किती आणि ड्रायव्हर किती, हा वाद घालता येईल. पण ऑगस्टपासून तो बटनपेक्षा सरस होता. व्हॅलेन्सिया जिंकला, मॉन्झा जिंकला. आणि इंटरलागोसच्या त्या पोलनंतर शर्यतीत पंक्चर. शेवटी आठवा आला. बटन पाचवा येऊन जगज्जेता. अखेरचे गुण : बटन ९५, व्हेटेल ८४, बॅरिकेलो ७७.

विषुववृत्तापार

व्हॅलेन्सियाबद्दल एक राहिलं. त्याआधीच्या हंगेरीच्या क्वालिफाइंगमध्ये बॅरिकेलोच्याच गाडीची स्प्रिंग सुटून मागून येणाऱ्या फेलिपे मासा या ब्राझिलियन ड्रायव्हरच्या हेल्मेटवर बसली होती आणि मासा मरता मरता वाचला. दोघं एकाच गावचे. व्हॅलेन्सियाला रुबिन्योच्या हेल्मेटवर मासासाठी संदेश होता, लवकरच ट्रॅकवर भेटू, अशा अर्थाचा. आणि तो विजय म्हणजे ब्राझिलियन ड्रायव्हरांचा शंभरावा. त्या दिवशी मात्र कासवाचे विनोद कोणी केले नाहीत.

नवखी

मासाचे विजय किती मग?

पिटवाला

तेही ११! सेन्ना ४१, पिके २३, फिट्टिपाल्डी १४, मासा आणि बॅरिकेलो ११-११, कार्लोस पासे १. एकूण १०१. आणि मासाचा शेवटचा २००८ चा, म्हणजे ब्राझीलचा आजपर्यंतचा शेवटचा विजय बॅरिकेलोच्या नावावर आहे. मॉन्झा, १३ सप्टेंबर २००९.

दिवेआगर मेल

भारतीय संबंध कोणी काढलाच नाही म्हणून मी काढतो. २००५ इंडियानापोलिस. मिशेलिनच्या टायरना धोका म्हणून १४ गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर आत निघून गेल्या, उरल्या सहा. शूमाखर पहिला, बॅरिकेलो दुसरा, मोंटेइरो तिसरा आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा! पाच गुण. त्या दिवशी आमच्याकडे कोणी विचारलं नाही की गाड्या सहाच होत्या का.

बॅरिकेलो मी प्रत्यक्ष पाहिला तो २०११ ला बुद्ध सर्किटवर. विल्यम्समध्ये होता, मागच्या घोळक्यात कुठेतरी. शुक्रवारी पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रा आला होता, त्याच्या बातम्या बॅरिकेलोपेक्षा जास्त छापून आल्या. महिन्याभराने त्याची शेवटची एफ वन शर्यत झाली, तीही इंटरलागोसलाच.

लाल घोडा

२०१० ची हंगेरी विसरलात की काय? आमच्या मायकेलने त्याला ताशी ३०० च्या आसपास पिटच्या भिंतीवर दाबलं होतं. फक्त तळहाताएवढी जागा. हा हटला नाही, गेलाच पुढे. दहाव्या जागेसाठी, एका गुणासाठी! मायकेलला पुढच्या शर्यतीत दहा जागा मागे ढकलण्याची शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. मी आयुष्यभर मायकेलच्या बाजूने भांडलोय, पण त्या दिवशी रुबेन्सच्या बाजूने ओरडलो.

चहाबाज

आँ? तारीख लिहून ठेवा रे.

घाटपांडे नव्हे

एफ वननंतर अमेरिकेतल्या इंडिकार मालिकेतही गेला होता ना?

पिटवाला

हो, २०१२ ला. टोनी कनान त्याचा जुना दोस्त, त्याच्याच केव्ही रेसिंग संघात. खरं तर ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) शर्यत करणार नाही असं बायकोला वचन दिलेलं होतं, ते आधी तिच्याकडून सोडवून घ्यावं लागलं. इंडी ५०० मध्ये ११ वा आला आणि तिथला 'सर्वोत्तम नवोदित' ठरला, ४० व्या वर्षी. सोनोमाला चौथा, हंगामात १२ वा. एकच हंगाम. ओव्हलवर शेजाऱ्याच्या हवेत गाडी कशी ठेवायची हे त्या वयात नव्याने शिकणं सोपं नसतं. मग ब्राझीलमध्ये परतून स्टॉक कार. तिथे २०१४ ला विजेता आणि पुन्हा २०२२ ला, म्हणजे पन्नाशीत.

लाल घोडा

पन्नाशीतलं विजेतेपद मानलं. ऑस्ट्रियाबद्दल मात्र माझं मत तेच, सही केली होती त्याने.

सुसाट

आणि माझंही तेच, ०.१८२ सेकंद.

नवखी

दोघांनी भांडत राहा, मला फायदा होतोय. मला एखादी शर्यत सुचवा, कुठून सुरुवात करू?

सुसाट

हॉकेनहाइम २००० पूर्ण बघा, शेवटच्या १५ फेऱ्या तर दोनदा. आणि १९९३ डॉनिंग्टनची फक्त पहिली फेरी. ती फेरी सगळे सेन्नासाठी बघतात, रास्तच आहे, पण एकदा त्याच्याकडे दुर्लक्ष करून मागे १४ नंबरची जॉर्डन शोधा. बारावरून चौथा. त्याची ती तिसरीच शर्यत होती. थोड्याच फेऱ्या उरल्या असताना इंधनाच्या दाबाने घात केला, नाहीतर पोडियम होतं.

नवखी

आज रात्री बघते. १४ नंबर, लक्षात ठेवलं.